धागा : विमानतळावरची डिजिटल यंत्रणा आणि मराठवाड्यातला प्रवासी. तिकिटापासून बॅग हातात येईपर्यंत काय, कुठं आणि का अडतं?

गोदाकाठ (नांदेड)

विमानतळावर अडकलेला माणूस समोरच्या मशीनवर चिडतो, नाहीतर गेटवरच्या जवानावर. घोळ मात्र बहुतेक वेळा आधीच झालेला असतो. वजिराबादेत नाहीतर गुलमंडीवर, एजंटच्या टेबलापाशी, चहा येईपर्यंतच्या पाच मिनिटांत. पुढची सगळी यंत्रं त्या पाच मिनिटांत भरलेल्या तीन गोष्टींवर चालतात : विमानतळाचा कोड, प्रवाशाचं नाव आणि मोबाईल नंबर.

सुरुवात कोडपासून. छत्रपती संभाजीनगरचा कोड आयएक्सयू, नांदेडचा एनडीसी, लातूरचा एलटीयू. शहराचं नाव २०२३ मध्ये बदललं, कोड तोच राहिला. काही बुकिंग साइटवर नवं नाव टाकलं की काहीच सापडत नाही, म्हणून सरळ कोडच टाका.

खरी गंमत मुंबईची आहे. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून प्रवासी उड्डाणं सुरू झाली. जुन्या मुंबईचा कोड बीओएम, नव्याचा एनएमआय. साइटवर 'मुंबई' टाकलं की दोन्हीकडची विमानं एकाच यादीत येतात आणि माणूस भाडं बघून बोट टेकवतो. नांदेड–पनवेल गाडीने जाणाऱ्याला नवी मुंबई सोयीची. दादरला उतरून जाणाऱ्याला जुनीच बरी. समृद्धीने गाडी घेऊन जाणाऱ्याने आमण्याला रस्ता संपल्यावरची मुंबईची वाहतूक दोन्ही बाजूंना धरावी. सगळ्यात वाईट म्हणजे एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून पुढचं विमान, तेही वेगवेगळ्या तिकिटांवर. अशा वेळी बॅग आपोआप पुढं जात नाही. पट्ट्यावरून उचला, रस्त्याने दुसऱ्या विमानतळावर न्या आणि पुन्हा जमा करा.

जुन्या मुंबईतही टर्मिनल १ आणि टर्मिनल २ मध्ये आतून चालत जायची सोय नाही. टर्मिनलचा आकडा तिकिटावर छापलेला असतो, तो वाचायचा.

नाव आणि मोबाईल यावर जाणकारांनी लिहावं.

---

टॅक्सीवे_ब्राव्हो (चिकलठाणा)

नावाचं मी घेतो.

बोर्डिंग पासवरच्या बारकोडचा साचा आयाटाने, म्हणजे विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, ठरवलेला आहे. सक्तीचा भाग ६० अक्षरांचा. त्यात नावाला २० अक्षरं, पीएनआरला ७, कुठून–कुठे याला तीन-तीन, विमान कंपनीला ३, फ्लाइट नंबरला ५, तारखेला ३, सीटला ४, सीक्वेन्स नंबरला, म्हणजे चेक-इनमधल्या तुमच्या क्रमाला, ५. तारीख महिना-दिवस अशी नसते, वर्षातला कितवा दिवस तो आकडा असतो. १ फेब्रुवारी म्हणजे ०३२. वर्ष त्यात नसतंच.

नावात आधी आडनाव, मग तिरपी रेघ, मग पहिलं नाव. आता 'देशमुख / रामरावविठ्ठलराव' इंग्रजी स्पेलिंगमध्ये मोजा : रेघ धरून २५ अक्षरं. म्हणजे शेपूट कापली जाणार. नुसतं कापल्याने फार बिघडत नाही, कारण गेटवरचा जवान पासवरचं नाव ओळखपत्राशी डोळ्यांनी ताडून बघतो आणि शेपटीकडे दुर्लक्ष करतो. मशीनला तेवढी समज नसते.

आपल्याकडचे नेहमीचे घोळ :

आडनाव आधी लिहायची शाळेच्या दाखल्यातली सवय. दाखल्यावरून आधार झालं, आधारवरून एजंटने तसंच भरलं, आणि 'विठ्ठलराव' हे आडनाव होऊन बसलं.

लग्नानंतरचं नाव. आधारवर माहेरचं, तिकिटावर सासरचं. इथं जवानही अडवतो आणि त्याचं बरोबर असतं.

स्पेलिंग. विठ्ठलमध्ये टी एक की दोन, ज्ञानेश्वरची सुरुवात डीने की जीने. वाचताना एकच नाव, मशीनला दोन माणसं.

आद्याक्षरं. आधारवर पूर्ण नाव आणि तिकिटावर 'आर. व्ही.' असं काही करू नका.

देशांतर्गत प्रवासात दाखवायच्या ओळखपत्रावर आहे तसंच नाव तिकिटावर हवं. परदेशी जाताना आधार विसरा. पासपोर्टवर 'सरनेम'च्या रकान्यात जे छापलंय तेच आडनाव, 'गिव्हन नेम'मध्ये जे आहे तेच पहिलं नाव. स्पेलिंग चुकलं असेल तर बुकिंगपासून २४ तासांच्या आत कळवा. माणूस तोच असेल तर एवढ्या दुरुस्तीचे पैसे घेऊ नयेत असं सरकारच्या प्रवासी सनदेत आहे. एजंटने काढलेलं तिकीट मात्र बहुधा एजंटकडूनच दुरुस्त करावं लागतं. तो रविवारी फोन उचलत नाही, हे गृहीत धरून शनिवारीच तिकीट वाचा.

---

औंढेकर

मोबाईल नंबरचं लिहा हो कोणी. लै लोकांचं तिथंच बिघडतंय.

---

मांजरा_तीर (लातूर)

औंढेकर, बरोबर बोललात. माझ्या मते कोड आणि नावापेक्षा हा घोळ मोठा आहे.

बुकिंग करताना एजंट स्वतःचा मोबाईल आणि ईमेल टाकतो. एका दिवशी चाळीस तिकिटं काढायची असतात, प्रत्येकाचा नंबर विचारत कोण बसणार? परिणाम असा की वेळ बदलली, गेट बदललं, विमान रद्द झालं, तर मेसेज एजंटच्या फोनवर येतो आणि प्रवासी परभणीहून रात्रीच्या गाडीत बसलेला असतो. कंपनीच्या नोंदीत मात्र 'प्रवाशाला कळवलं'. भरपाईचा वाद झाला तर हीच नोंद पुढं येते.

दुरुस्ती अशी : विमान कंपनीच्या ॲपवर किंवा साइटवर 'मॅनेज बुकिंग' उघडायचं, पीएनआर आणि आडनाव टाकायचं, संपर्काच्या जागी स्वतःचा नंबर आणि ईमेल घालायचा. काही कंपन्या त्यासाठी जुन्या नंबरवर ओटीपी पाठवतात. तेव्हा एजंटच्या दुकानात उभं राहूनच हे काम उरकलेलं बरं. जमलं नाही तर वेब चेक-इनच्या वेळी नंबर पुन्हा विचारतात, तिथं आपला द्या.

उमरा, हज, चारधाम किंवा लग्नाच्या वऱ्हाडाचं गट-बुकिंग असेल तर पंचवीस जणांचा एकच पीएनआर असू शकतो. त्यात निदान दोघांचे नंबर घाला, एक म्होरक्याचा आणि एक घरी थांबणाऱ्याचा.

आणखी एक. गूगलवर कंपनीचा 'कस्टमर केअर' शोधून पहिला दिसलेला नंबर फिरवू नका. भामट्यांनी तिथं आपले नंबर पेरून ठेवलेले असतात. तिकिटाच्या पीडीएफवर किंवा कंपनीच्या ॲपमध्ये असलेला नंबरच वापरा. परताव्यासाठी कोणी स्क्रीन शेअर करायला सांगितलं की फोन ठेवायचा.

---

उमरगेकर

डिजीयात्राबद्दल, म्हणजे कागद न दाखवता चेहऱ्यावरून आत सोडणाऱ्या ॲपबद्दल, सविस्तर हवंय. हैदराबादला ती रांग मोकळी दिसते आणि आपली माणसं शेजारच्या लांब रांगेत. अडचण काय आहे?

---

टॅक्सीवे_ब्राव्हो (चिकलठाणा)

उमरगेकर, लांबलचक लिहितो, कारण यात अर्धवट माहितीच जास्त फिरते.

१ डिसेंबर २०२२ ला दिल्ली, बंगळुरू आणि वाराणसीला सुरू झालं. २०२३ मध्ये हैदराबाद, पुणे, मुंबई आले, मग यादी वाढत गेली. सध्या देशांतर्गत प्रवासापुरतंच. निघायच्या विमानतळाचं नाव ॲपमधल्या यादीत आहे का ते आधी बघायचं, नसेल तर खटाटोप करायचं कारण नाही.

नोंदणी घरी बसून करायची, एकदाच. ॲप टाकलं, मोबाईल नंबर दिला, डिजीलॉकरमार्फत आधार जोडलं. ओटीपी येतो आधारशी जोडलेल्या नंबरवर. तो नंबर बंद पडलेला असेल तर गाडी इथंच थांबली, आधी आधार केंद्र गाठा. मग सेल्फी. ॲप सेल्फी आणि आधारवरचा फोटो ताडून बघतं. २०११-१२ च्या शिबिरांत ट्यूबलाइटखाली काढलेले फोटो आठवा! त्यांच्याशी आजचा चेहरा जुळला नाही तर नोंदणी पुढं सरकत नाही. खिडकीसमोर तोंड करून, चष्मा-टोपी काढून, मागे साधी भिंत ठेवून पुन्हा घ्या. तरीही नाहीच जुळला तर आधारवरचा फोटो अद्ययावत करण्याला पर्याय नाही.

दुसरं काम प्रत्येक प्रवासाला नव्याने करायचं आणि लोक विसरतात ते हेच. वेब चेक-इन करून बोर्डिंग पास घ्यायचा, ॲपमध्ये चढवायचा आणि विमानतळाला 'शेअर' करायचा. चढवणं आणि शेअर करणं ही दोन वेगळी बटणं आहेत. पास चढवला, पण शेअर केला नाही, तर गेटला तुम्ही माहीतच नसता. नुसतं तिकीट चालत नाही, बोर्डिंग पास लागतो. नंतर सीट बदलली तर नवा पास पुन्हा चढवा. फोन बदलला तर नोंदणी पहिल्यापासून, कारण ओळखीची माहिती तुमच्या फोनमध्येच साठवलेली असते.

गेटवर : पासचा बारकोड काचेवर धरायचा, कॅमेऱ्याकडे बघायचं, झडप उघडली की पुढं. सुरक्षा तपासणीच्या तोंडाशी पुन्हा चेहरा. तपासणी मात्र चुकत नाही; ट्रे, एक्स-रे, दंडुका सगळं तसंच. वाचतो तो कागद दाखवायचा वेळ.

न जुळण्याची कारणं गेटवरच्या माणसाला पाठ असतात : डोक्यावरून ओढलेला पदर किंवा रुमाल, मागून येणारा उजेड, कॅमेऱ्याच्या खाली बघणं (स्क्रीनवर आपलाच चेहरा दिसतो म्हणून लोक तिकडे बघतात), आणि आधारवरचं नाव पासवरच्या नावाशी न जुळणं. म्हणजे पुन्हा एजंटचं टेबल.

---

कायदा_आणि_काथ्याकूट

रंगीत तालीम छान. दुसरी बाजूही लिहितो.

डिजीयात्रा ऐच्छिक आहे. ओळखपत्र आणि तिकीट दाखवून आत जायचा रस्ता प्रत्येक विमानतळावर असलाच पाहिजे आणि असतो. दारात उभं राहून 'ॲप टाका, नाहीतर मागं रांगेत जा' असं कोणी म्हणालं तर 'मला नको' एवढं पुरे. आणि प्रवाशाला न सांगता कोणी तिथल्या तिथं त्याचा चेहरा नोंदवायला लागला तर थेट नकार द्या.

चालवणारी संस्था डिजीयात्रा फाउंडेशन. कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची, नफ्यासाठी नसलेली कंपनी. विमानतळ प्राधिकरणाचा वाटा २६ टक्के, उरलेला दिल्ली, मुंबई, बंगळुरू, हैदराबाद आणि कोची या विमानतळ कंपन्यांचा. म्हणजे सरकारी खातं नव्हे, हे ध्यानात असू द्या. विमानतळाकडे गेलेली माहिती उड्डाणानंतर २४ तासांत पुसली जाते असं त्यांचं धोरण सांगतं. नावाचा आणि चेहऱ्याचा मेळ ज्यांचा बसत नाही ते कष्टकरी, म्हातारे, बाया. त्यांच्यासाठीच्या रांगेतले काउंटर कमी करून झडपांची संख्या वाढवली तर ऐच्छिक हा शब्द कागदावरच राहतो. माझा आक्षेप तंत्राला नाही, जागेच्या वाटणीला आहे.

---

टॅक्सीवे_ब्राव्हो (चिकलठाणा)

शेवटच्या मुद्द्यावर तुमच्याशी सहमत. एक पुरवणी : कडेवर मूल असेल तर झडपेच्या वाटेला जाऊ नका. एका वेळी एकच माणूस जावा म्हणून तिथं सेन्सर असतात, दोन डोकी दिसली की झडप उघडत नाही. जवानाच्या रांगेतून जा. आणि दोन वर्षांखालच्या बाळाच्या वयाचा पुरावा लागतो, जन्मदाखला जवळ ठेवा.

---

पैठणी

बोर्डिंग पास व्हॉट्सॲपवर आलाय, तोच दाखवला तर चालतो ना? प्रिंट लागतेच का?

---

मांजरा_तीर (लातूर)

ताई, चालतो. पण फोटो म्हणून फॉरवर्ड झालेला नको. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं, बारकोडच्या कडा विरघळतात आणि स्कॅनर तो वाचत नाही. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवलेली पीडीएफ घ्या. दाखवताना ब्राइटनेस पूर्ण करा. तडा गेलेल्या काचेची रेघ बरोबर बारकोडवर येत असेल तर तो बोटाने सरकवून काचेच्या धड भागावर आणा.

प्रिंट काढायची तर एका पानावर एकच पास. झेरॉक्सवाला कागद वाचवायला एका पानावर चार बसवतो, त्यात आडव्या पट्टीचा कोड इतका बारीक होतो की वाचलाच जात नाही. घडी कोडवरून घालू नका. शाई फिकी नको.

मोबाईलही नाही आणि प्रिंटही नाही, तरी हरकत नाही. काउंटरवर ओळखपत्र दाखवून पास मिळतो. त्याचे वेगळे पैसे कंपन्यांनी घेऊ नयेत, असं नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२२ मध्ये बजावलेलं आहे.

वेळ पाळा एवढंच. देशांतर्गत उड्डाणाचा काउंटर बहुतेक कंपन्या ६० मिनिटं आधी बंद करतात आणि गेट २५ मिनिटं आधी. ही वेळ संगणकच बंद करतो. काउंटरवरच्या पोरीच्या हातात काही नसतं, तिच्यावर ओरडून उपयोग नाही.

---

बीडकर_मामा

आणि पासचा फोटो स्टेटसला टाकू नका, बगा. 'चाललो दुबईला' म्हणून टाकतेत. पीएनआर आणि आडनाव, एवढ्यावर कोणीही 'मॅनेज बुकिंग' उघडतो. सीट बदलंल, नंबर बदलंल, काहीही करंल. पीएनआर झाकून टाकला अन् बारकोड तसाच ठेवला तर झाकून काही उपेग नाही, बारकोडात तोच लिहिल्याला असतो. आणि घराला कुलूप हाय हे गावाला कळतं ते येगळंच.

---

औंढेकर

मामा +१

---

रॅम्प_नंबर_३ (छत्रपती संभाजीनगर)

सामानाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून.

मोठ्या विमानतळांवर आता बॅग स्वतः जमा करायची यंत्रं आहेत. आधी किऑस्कवर, म्हणजे तिथल्या उभ्या यंत्रावर, पास दाखवून पट्टी छापायची. पट्टी हँडलच्या आतून घालून दोन्ही टोकं एकमेकांवर चिकटवायची. बारकोड दिसला पाहिजे, दुमडता कामा नये. मग बॅग बेल्टवर आडवी ठेवायची. चाकांवर उभी ठेवली तर चढावर कलंडते. लोंबकळणारे बंद आत खोचायचे. मशीन वजन करतं, पट्टी वाचतं आणि पावती देतं.

अडतं ते बहुधा जुन्या पट्ट्यांमुळे. मागच्या प्रवासाची पट्टी आणि कोपऱ्यात चिकटवलेला बारीक बारकोड, दोन्ही खरवडून काढा. दोन कोड दिसले की यंत्र बॅग नाकारतं. आणि ते नाकारायच्या आधीच पुढं गेली असेल तर आणखी वाईट, कारण पुढचं स्कॅनर तिला जुन्या गावाला धाडू शकतं.

गाठोडं, ज्वारीचं कट्टं, दोरीने बांधलेलं खोकं, पाळण्याचे दांडे : हे बेल्टवर जात नाही. गोल आणि मऊ वस्तू रुळांत अडकते. त्यासाठी मोठ्या सामानाचा वेगळा काउंटर असतो, वीस मिनिटं जास्त धरा.

बॅगच्या पट्टीवर दहा आकडे असतात. पुढचा एक आकडा पट्टीचा प्रकार सांगतो, नंतरचे तीन विमान कंपनीचे, शेवटचे सहा तुमच्या बॅगचे. पावतीचा आणि बॅगचा, दोन्हींचे फोटो काढून ठेवा. आयाटाच्या ठराव ७५३ प्रमाणे जून २०१८ पासून कंपन्यांनी बॅगची नोंद चार ठिकाणी ठेवायची आहे : घेताना, विमानात चढवताना, दुसऱ्या विमानाकडे सोपवताना आणि परत देताना. बॅग हरवली की 'शेवटचं स्कॅन कुठं झालं?' हा प्रश्न विचारा. नेमकं विचारणाऱ्याला नेमकं उत्तर मिळतं.

आतल्या एक्स-रेबद्दल. पडद्यावर सेंद्रिय पदार्थ नारिंगी, धातू निळे, मधलं मिश्र ते हिरवं. काळ्या मसाल्याचा तीन किलोचा घट्ट दाबलेला डबा म्हणजे नारिंगी गोळा, त्याच्या मागचं काही दिसत नाही. बॅग उघडायला लावणारच. अर्ध्या अर्ध्या किलोच्या चपट्या पिशव्या करा आणि वरच्या थरात ठेवा. सुकं खोबरं चेक-इन बॅगेत घालू नका, मार्च २०२२ पासून मनाई आहे. तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं.

पॉवर बँक हातातल्या बॅगेतच. चेक-इनमध्ये गेली तर आतल्या तपासणीत बॅग बाजूला काढतात आणि प्रवाशाला बोलावतात. बोलावतात कसं? नोंदवलेल्या मोबाईलवर. तो एजंटचा असेल तर बॅग मागं राहते आणि तुम्ही पुढं जाता. मर्यादा १०० वॉट-अवर. हा आकडा छापलेला नसेल तर एमएएच गुणिले ३.७ भागिले १०००. २०,००० ची पॉवर बँक म्हणजे ७४, चालते. ३०,००० ची १११ होते, तिला कंपनीची परवानगी लागते. लेबल पुसलेली असेल तर जवान ठेवून घेऊ शकतो.

आणि हो, आपल्या छोट्या विमानतळांवर एटीआर किंवा एम्ब्राएर १४५ सारखी लहान विमानं येतात. त्यांचे वरचे कप्पे उथळ. ७ किलोची चाकाची ताठ बॅग वजनात बसली तरी कप्प्यात बसत नाही, शिडीपाशी काढून घेतात. त्यातली पॉवर बँक, औषधं, दागिने तेवढ्यात काढून घ्यायचं भान ठेवा.

---

उमरगेकर

लॅपटॉप बाहेर काढायचा की नाही? एकीकडे काढा म्हणतात, दुसरीकडे राहू द्या.

---

रॅम्प_नंबर_३ (छत्रपती संभाजीनगर)

मशीनवर आहे. साधा एक्स-रे एका-दोन बाजूंनीच बघतो, लॅपटॉप झाकण घालतो, म्हणून बाहेर काढावा लागतो. सीटी पद्धतीचं यंत्र दवाखान्यातल्या स्कॅनसारखं सगळ्या बाजूंनी बघतं, तिथं आत राहिला तरी चालतो. बंगळुरूसारख्या ठिकाणी ती यंत्रं आली. तुम्ही ट्रेपाशी विचारा, आणि परतीच्या प्रवासात लहान विमानतळावर 'तिकडं तर काढायला लावला नव्हता' हा वाद घालू नका.

---

कायदा_आणि_काथ्याकूट

सगळं संगणकावर म्हणताय, तो बसला तर काय? १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटने जगभर विंडोजचे संगणक निळे पडले, तेव्हा आपल्याकडे हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये चेक-इनच्या सॉफ्टवेअरवर सायबर हल्ला होऊन हीथ्रो, ब्रसेल्स, बर्लिन अडले. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीत हवाई नियंत्रणाची संदेश यंत्रणा बिघडली आणि विमानांचे आराखडे हाताने भरावे लागले.

---

टॅक्सीवे_ब्राव्हो (चिकलठाणा)

तुमची उदाहरणं तीन आणि बिघाडाचे प्रकारही तीन. प्रवाशाने काय करायचं ते प्रत्येक वेळी वेगळं.

चेक-इनची यंत्रणा बसली तर वेब चेक-इन करून पीडीएफ फोनमध्ये उतरवून ठेवलेला प्रवासी पुढं असतो. 'ॲपमध्ये आहे' हे उतरवणं नव्हे. सर्व्हर बंद असेल तर ॲप पासच उघडत नाही. पासवरचा सीक्वेन्स नंबर वहीत टिपा. हाताने यादी करायची वेळ आली की कर्मचारी याच नंबरवर खुणा करतात. अशा दिवशी बॅग शक्यतो हातातलीच ठेवा. पट्टी छापली गेली नाही तर बॅग विमानात चढत नाही, चढली तर उतरल्यावर शोधायला वेळ लागतो.

गेटवरचे फलक चुकीचे दाखवत असतील तर विमानतळाच्या फलकापेक्षा विमान कंपनीच्या माणसाचं ऐका. फलक मधल्या माहिती-साठ्यावरून चालतो आणि गेटवरचा बदल तिथं पोचायला मिनिटं लागतात. मोठ्या विमानतळांवर उगीच घोषणा न करण्याचं धोरण आहे, नावाने हाक येईल या भरवशावर डुलकी काढू नका. वेब चेक-इनच्या पासवर गेट नंबर बहुधा कोराच असतो, तो सुरक्षा तपासणीनंतर बघायचा आणि अर्ध्या तासाने पुन्हा बघायचा.

तिसऱ्या प्रकारात, म्हणजे हवाई नियंत्रण अडलं तर, प्रवाशाच्या हातात काही नसतं. तेव्हा निघण्याआधी कंपनीच्या साइटवर फ्लाइट नंबर टाकून स्थिती बघा. हैदराबादहून विमान असेल तर नांदेड सोडण्याआधीच. सिकंदराबादला उतरून पुष्पक बसमध्ये बसल्यावर बघून काय करणार?

---

धाराशिव_एक्स्प्रेस

आखाती देशांत जाणाऱ्यांसाठी थोडक्यात :

पासपोर्टवर एकच नाव असेल, आडनावाचा रकाना कोरा, तर नोव्हेंबर २०२२ पासून संयुक्त अरब अमिरात अशा पासपोर्टवर पर्यटन व्हिसावर येऊ देत नाही. एजंट 'होऊन जाईल' म्हणतो. कंपनीची यंत्रणा चेक-इनलाच अडवते. पासपोर्टमध्ये आडनाव घालून घ्या, मग तिकीट.

कामासाठी जाताना पासपोर्ट ईसीआर प्रकारचा (परदेशी कामाला जाण्याआधी सरकारी मंजुरी लागणारा) असेल तर ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवरची मंजुरी इमिग्रेशनच्या पडद्यावर दिसली पाहिजे. हातातला कागद पुरत नाही.

वरचेवर जाणाऱ्यांनी फास्ट ट्रॅक इमिग्रेशनची (रांग टाळून यंत्राच्या गेटमधून जायच्या सोयीची) नोंदणी करावी. दिल्लीला २२ जून २०२४ ला सुरू झालं, जानेवारी २०२५ मध्ये मुंबई, हैदराबाद, बंगळुरूसह आणखी सात विमानतळांवर. अर्ज गृह मंत्रालयाच्या साइटवर, मग बोटांचे ठसे आणि चेहरा एफआरआरओच्या (परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या) कार्यालयात किंवा विमानतळावर. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. नोंदणी पाच वर्षं किंवा पासपोर्ट संपेपर्यंत, जे आधी ते. शेतात राबून बोटांच्या रेघा झिजलेल्या असतील तर ठसे उमटायला त्रास होतो. आदल्या दिवशीपासून हाताला तेल किंवा व्हॅसलिन लावा, ठसे देताना मात्र हात कोरडे ठेवा.

---

पैठणी

बटणाचा फोन असलेल्या, एकट्याने जाणाऱ्या आजी-आजोबांसाठी काय?

---

मांजरा_तीर (लातूर)

व्हीलचेअर मागा, बुकिंगमध्येच, उशिरात उशिरा ४८ तास आधी. तिचे प्रकार तीन : पायऱ्या चढता येतात पण लांब चालवत नाही, पायऱ्याही चढता येत नाहीत, सीटपर्यंत उचलूनच न्यावं लागतं. संगणकात याचे वेगळे कोड असतात आणि त्यावरूनच लहान विमानतळावर उचलणारी गाडी लावायची की नाही ते ठरतं. 'फक्त व्हीलचेअर' म्हणाल तर पहिला प्रकार टाकला जातो आणि गुडघे गेलेल्या आजी शिडीच्या पायथ्याशी अडकतात.

कागदावर मोठ्या अक्षरांत पीएनआर, फ्लाइट नंबर, उतरवून घ्यायला येणाऱ्याचं नाव आणि फोन लिहून खिशात ठेवा. विमानतळाच्या वाय-फायला ओटीपी लागतो, बटणाच्या फोनचं काम तिथं नाही, साधा रिचार्ज असला म्हणजे झालं.

---

बीडकर_मामा

अन् बॅग आलीच नाही तर?

---

रॅम्प_नंबर_३ (छत्रपती संभाजीनगर)

मामा, बाहेर पडायच्या आधी काउंटरवर पीआयआर, म्हणजे सामानाची लेखी तक्रार, नोंदवायची. दारातून बाहेर गेल्यावर भांडण अवघड होतं. दहा अक्षरांचा नंबर मिळतो : पहिली तीन विमानतळाची, दोन कंपनीची, पाच आकडे. त्यावर ऑनलाइन माग काढता येतो. आंतरराष्ट्रीय प्रवासात मोडतोडीची लेखी तक्रार सात दिवसांत आणि उशिरा मिळालेल्या बॅगची एकवीस दिवसांत. कंपनीने दाद दिली नाही तर तक्रारीसाठी सरकारचं एअरसेवा पोर्टल आहे.

पीआयआरवर पत्ता लिहिताना गाव, तालुका, जिल्हा, पिनकोड सगळं लिहा. बॅग घरपोच आणणारा पोरगा मोठ्या शहरातला असतो, आणि नुसतं 'वडगाव' लिहिलं तर तो कोणत्या वडगावला जाईल ते त्यालाच माहीत.